अंगठा, सही आणि हस्तलिखित : रेवसच्या खाडीकाठी हायस्कूल

१

ग्रामीण हायस्कूलचा इतिहास आपल्याकडे बहुधा रौप्यमहोत्सवी किंवा सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहिला जातो. पहिल्या पानावर संस्थापकांचे छायाचित्र असते. मग जमीन देणाऱ्यांची यादी, पायाभरणीचा दिवस, मुख्याध्यापकांची परंपरा आणि शालान्त परीक्षेच्या निकालांची टक्केवारी येते. शेवटी 'विविध उपक्रम' या मथळ्याखाली स्नेहसंमेलन, वक्तृत्व स्पर्धा, हस्तलिखित, श्रमदान, सहल, क्रीडा यांची नोंद दोन-तीन पानांत उरकलेली असते. मराठीच्या अभ्यासकाने ही स्मरणिका शेवटून वाचायला घ्यावी, असे मला वाटते. जमीन आणि इमारत यांमुळे शाळा उभी राहते हे खरेच आहे. परंतु ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या लिखित भाषेत आपले म्हणणे मांडायला जागाच नव्हती, त्या समाजाची मुले प्रथम स्वतःच्या नावाने लिहू-बोलू लागली ती या उरकलेल्या पानांतल्या उपक्रमांमधून. म्हणून हा केवळ शिक्षणाच्या इतिहासाचा विषय राहत नाही; तो वाङ्मयाच्या इतिहासाचाही होतो.

हे विधान तपासून पाहण्यासाठी रायगड किनाऱ्याचा उत्तरेकडचा तुकडा घेऊ. रेवस हे त्याचे टोक. अंबा नदी जिथे धरमतरच्या खाडीतून समुद्राला मिळते तिथे एका तीरावर रेवस आणि पलीकडच्या तीरावर उरण तालुक्यातले करंजा. रेवसहून किनाऱ्याने दक्षिणेला निघाले की मांडवा, सासवणे, किहीम, थळ अशी गावे घेत आपण अलिबागला पोचतो. खाडीच्या काठाने आत शिरले तर आगरी शेतकऱ्यांनी बांधबंदिस्ती करून समुद्राकडून मिळवलेली खारजमीन लागते. किनाऱ्यावर कोळी, खाजणालगत आगरी, आणि बागायतीच्या पट्ट्यात इतर जाती, अशी येथील वस्तीची ढोबळ विभागणी सांगता येते. या तिन्हींच्या मधून हायस्कूलची वाट कशी निघाली, हे पाहण्यासारखे आहे.

२

रेवसच्या भूगोलात एक विसंगती आहे. मुंबई समोर आहे आणि तरीही दूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि धरमतर यांच्यामध्ये आगबोटी धावू लागल्या. त्या करंजा व रेवस येथे थांबत. भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी बोट हा पुढे या परिसराचा मुख्य रस्ताच झाला. मासळी त्याच वाटेने गेली आणि गिरण्या-गोद्यांत कामाला जाणारा माणूसही त्याच वाटेने गेला. देशाच्या पहिल्या तीन विद्यापीठांपैकी एक, १८५७ सालचे मुंबई विद्यापीठ, या पाण्यापलीकडे उभे होते. पण पाण्यापलीकडचे विद्यापीठ कोळ्याच्या किंवा कुळाच्या मुलाला उपयोगी पडायचे तर मध्ये एक पायरी हवी होती. ती पायरी म्हणजे गावापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे हायस्कूल. ती नसल्यामुळे प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेला मुलगा थेट होडीत किंवा बांधावर जाई, आणि मुलगी त्याच्याही आधी.

जुन्या कुलाबा जिल्ह्यातली मोठी नावे आठवली तर हेच दिसते. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ मध्ये पेण तालुक्यातल्या गागोद्याचा; त्यांचे शालेय शिक्षण झाले बडोद्याला. चिंतामणराव देशमुख १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते येथे जन्मले. मॅट्रिकला १९१२ मध्ये पहिले येऊन त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली ती मुंबईत. दोघांच्याही घरी शिक्षणाची परंपरा होती, म्हणून गाव सोडून शिकणे त्यांना शक्य झाले. ज्यांच्या घरी ती नव्हती त्यांच्यासाठी एकच दार उरत असे, ते योगायोगाचे.

या योगायोगाचे अत्यंत बोलके उदाहरण रेवसच्या शेजारीच आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर १८९१ मध्ये सासवण्याला जन्मले. घरात गणपतीच्या मूर्ती घडवण्याची कला होती. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचे चित्र रंगवले. जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस ते पडले आणि त्यांच्या प्रयत्नांनी मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील, १९२८ मध्ये उभारलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवला तो याच हातांनी. सासवण्याच्या त्यांच्या घरातले शिल्पसंग्रहालय पाहून माणसे भारावून बाहेर पडतात, आणि ते साहजिकच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे उलटा प्रश्नही विचारला पाहिजे. कलेक्टर त्या वाटेने गेलाच नसता तर? शेजारच्या गावात आणखी कोणा मुलाने भिंत रंगवली असेल आणि तिच्यासमोर कोणी थांबले नसेल तर?

हायस्कूलने जे केले त्याचे वर्णन या प्रश्नाच्या उजेडात करता येते. त्याने योगायोगाच्या जागी नेम आणला. चित्रकलेचा शिक्षक, आठवड्याला ठरलेला तास, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा, वर्गाबाहेरचा चित्रफलक या गोष्टी दिसायला रुक्ष आहेत. पण त्यांच्यामुळे भिंतीवरचे चित्र पाहणे हे कोणाच्या तरी नोकरीचे काम झाले. उपक्रम म्हणजे मुलाकडे वळणाऱ्या नजरेची केलेली कायमची व्यवस्था, अशी त्याची व्याख्या मला करावीशी वाटते.

३

ही व्यवस्था खाडीकाठच्या कुळांच्या मुलांपर्यंत पोचायला मात्र शाळेच्या आधी जमिनीचा प्रश्न सुटावा लागला. त्यासाठी त्याच धरमतरच्या खाडीकाठी असलेल्या चरी या गावाकडे वळावे लागते. कुलाबा जिल्ह्यात खोतीची पद्धत होती. कूळ राबे, खोत वाटा घेई, आणि या दोघांच्या मध्ये असे कबुलायतीचा कागद. कागदात काय लिहिले आहे हे वाचणारा एक आणि त्याखाली अंगठा उठवणारा दुसरा. निरक्षरता हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. इथे तिचा अर्थ अक्षर न येणे एवढाच नव्हता. आपल्या कष्टाविषयीचा मजकूर दुसऱ्याने लिहावा आणि आपण तो न वाचता मान्य करावा, असे ते नाते होते.

नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला शेतकऱ्यांची सभा भरली आणि संप सुरू झाला. पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. सुमारे सहा वर्षे, १९३९ पर्यंत, हा संप टिकला. जमीन न कसता शेतकऱ्याने सहा वर्षे काढायची म्हणजे रानातला लाकूडफाटा आणि मिळेल ती मजुरी यांवर घर चालवायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, १९४८ मध्ये तो अधिक व्यापक झाला, १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कसणाऱ्याच्या मालकीचा मार्ग मोकळा झाला.

या घटनाक्रमात आपल्या विषयाच्या दृष्टीने एक तारीख फार महत्त्वाची आहे. संप चालू असतानाच, १९३७ मध्ये, नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू केले. कबुलायतीवर अंगठा उठवणाऱ्या माणसांच्या लढ्याला छापील शब्दाची गरज भासली, हा या प्रदेशाच्या भाषिक इतिहासातला वळणाचा क्षण होय. खाडीकाठच्या शेतकऱ्याचे दुःख मराठी गद्यात आले, आणि ते त्याच्या बाजूने लिहिलेले होते. अर्थात लिहिणारे थोडे होते. पुष्कळांना ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागत होते. अंगठ्यापासून वृत्तपत्रापर्यंतचे अंतर नेतृत्वाने कापले. वृत्तपत्रापासून प्रत्येकाच्या सहीपर्यंतचे अंतर कापायला हायस्कूलच हवे होते.

याच सुमारास समुद्रानेही या परिसराला एक जखम दिली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढातली अमावास्या घरी करायला निघालेले चाकरमाने त्यात होते. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी जमेल तेवढ्यांना पाण्यातून वर काढले. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरलेला नव्हता. ही घटना अलिबाग-पेणच्या गावागावांत घरच्या मृत्यूसारखी सांगितली गेली. ती सांगणारी माणसे बहुतेक न लिहिणारी होती, आणि ऐकणारी नातवंडे लिहिणारी होणार होती. हा दुवा पुढे महत्त्वाचा ठरतो.

४

स्वातंत्र्यानंतर ग्रामीण महाराष्ट्रात हायस्कुले निघाली त्यामागची रचना समजून घेतली पाहिजे. प्राथमिक शिक्षण हे लोकल बोर्डांचे आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचे काम होते. माध्यमिक शिक्षण मात्र मुख्यत्वे खाजगी संस्थांनी उभे केले आणि सरकारने अनुदान दिले. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून आलेली ही पद्धत. म्हणून गावचे हायस्कूल कायद्याने संस्थेचे, पैशाने सरकारचे आणि मनाने गावाचे, असा त्रिवेणी प्रकार झाला. आपल्या जिल्ह्यात अलिबागच्या कोकण एज्युकेशन सोसायटीने गावोगाव शाळा चालवल्या. खाडीपलीकडे उरण तालुक्यात फुंड्याला रयत शिक्षण संस्थेचे विद्यालय आणि महाविद्यालय उभे राहिले. १९४८ च्या शालान्त परीक्षा मंडळाने मार्च १९४९ मध्ये पहिली एस.एस.सी. घेतली, १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासांना फीची सवलत मिळाली, आणि चालत जाता येईल अशा अंतरावर आठवी ते अकरावीचे वर्ग दिसू लागले. १९७५ मध्ये अकरावीची एस.एस.सी. जाऊन दहावीची आली.

या शाळांनी उपक्रमांची कल्पना शून्यातून काढली नाही. तिला महाराष्ट्रात पूर्वपीठिका होती. उत्तर कोकणात डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी १९२० मध्ये हायस्कूल निघाले आणि आचार्य शंकर रामचंद्र भिसे यांच्यासारख्या ध्येयवादी शिक्षकांनी त्याला नाव मिळवून दिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्रासाठी बोर्डीचीच निवड केली. खेड्यातले हायस्कूल परिसराकडे पाठ फिरवून चालत नाही, ही जाणीव तिथे आधीपासून रुजलेली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीरावांच्या नावाने हायस्कूल काढले; 'कमवा आणि शिका' हे सूत्र तिथे शाळेच्या अंगणात आले. मुलांनी शेत केले, दगड वाहिले, भिंती बांधल्या. इथे श्रमदान हा शोभेचा कार्यक्रम नव्हता. फी भरण्याची ती रीत होती. ज्याच्या बापाने वेठ केली त्या मुलाने स्वतःच्या शिक्षणासाठी कष्ट करणे, यात श्रमाचा अर्थच बदलत होता.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण अंमळनेरचे. साने गुरुजी १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथे त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक काढले आणि १९३० मध्ये सत्याग्रहात उडी घेण्यासाठी नोकरी सोडली. हाताने लिहिलेले, एकाच प्रतीचे दैनिक ही कल्पना थोडी थांबून पाहावी. छापील वृत्तपत्र वाचकाकडे जाते; हस्तलिखिताकडे वाचकाला यावे लागते. त्याचा वाचकवर्ग म्हणजे एका छपराखाली राहणारी माणसे. लिहिणारा आणि वाचणारा दोघे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे खोटे लिहिणे कठीण होते. पुढे गावोगावच्या शाळांत जी भित्तिपत्रके आणि वार्षिक हस्तलिखिते निघाली, त्यांची घडण या प्रकारची आहे. अंमळनेरला शिक्षकाने मुलांसाठी लिहिले. नंतरच्या हस्तलिखितांत मुले स्वतः लिहू लागली, एवढाच फरक, आणि तो मोठा आहे.

५

हस्तलिखिताचा साचा आपल्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक असेल. जाड कागद, समास सोडून सुवाच्य अक्षरात उतरवलेला मजकूर, मुखपृष्ठावर जलरंगातले चित्र, आत मुख्याध्यापकांचे दोन शब्द, संपादक मंडळाची नावे, आणि पुढे 'माझे गाव', 'पावसाळ्यातील एक दिवस', 'आमची सहल', कविता, कोडी, चुटके. वाङ्मयीन निकष लावले तर यातले बरेचसे लेखन पाठ्यपुस्तकाची नक्कल ठरेल. पण साहित्याच्या इतिहासकाराला केवळ उत्तम कृती हव्या असतात असे नाही; एखादा समाज लेखनात कसा शिरतो हेही त्याला पाहायचे असते. त्या दृष्टीने या वह्यांतली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे शिक्षकाची लाल शाई.

रेवसच्या परिसरातला मुलगा घरी जी मराठी बोलतो ती पुस्तकातली नव्हे. आगरी-कोळी बोलीत 'मला'चे 'मना' होते, 'पाणी'चे 'पानी' होते, 'ळ'चा 'ल' होतो. 'कोळी' स्वतःला 'कोली' म्हणतो. मासळीला 'म्हावरं' म्हणतात. समुद्राला 'भरती' आणि 'ओहोटी' एवढेच नसते. त्याला 'उधाण' असते आणि 'भांग' असते. शेताला 'बांध' असतो तसा 'उघाडी'ही असते, खारे पाणी रोखणारी आणि गोडे पाणी सोडणारी. असा मुलगा हस्तलिखितासाठी निबंध लिहितो तेव्हा त्याच्या वहीत दोन मराठींची गाठ पडते. शिक्षक 'मना' खोडून 'मला' लिहितो.

या खोडण्याचा निवाडा घाईने करू नये. आज बोलीच्या अभिमानाने बोलणे सोपे झाले आहे. पण कबुलायतीचा कागद आठवला की प्रमाणभाषेची दुसरी बाजू दिसते. कचेरी, न्यायालय, वृत्तपत्र आणि परीक्षा यांची भाषा ज्याला येत नाही त्याला दुसऱ्याच्या लेखणीवर अवलंबून राहावे लागते. लाल शाईने 'मना' खोडणारा शिक्षक त्या मुलाला अंगठ्याच्या जगातून बाहेर काढत होता. त्याच वेळी त्या शाईने 'भांग' आणि 'उघाडी' हेही शब्द अशुद्ध ठरवले असतील, तर मराठीचे नुकसान झाले. रूप सुधारणे आणि शब्द पुसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. 'मला भांगाच्या दिवसांत म्हावरं मिळाले नाही' हे वाक्य प्रमाण रूपाचेही आहे आणि खाडीचेही आहे. चांगल्या शिक्षकाला हा भेद कळत असे, आणि कोणत्या शाळेत तो कळला हे सांगणारा पुरावा त्या वह्यांतच असू शकतो.

बोली कागदावर कशी येते हा प्रश्न जुना आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर कोकणातल्या आगरी, कोळी इत्यादी बोलींची दखल आहे. या सर्वेक्षणाचा ठरावीक नमुना म्हणजे बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचा त्या त्या बोलीतला अनुवाद. भाषाशास्त्राच्या सोयीसाठी हे ठीक होते. एकच मजकूर असला म्हणजे तुलना करता येते. पण बोली कागदावर आली ती दुसऱ्याची गोष्ट सांगण्यासाठी. शाळेच्या हस्तलिखितात उलटा प्रकार झाला. भाषा बाहेरची आली आणि गोष्ट स्वतःची राहिली. 'रामदास' बोटीतून वाचलेल्या आजोबांची हकीकत नातवाने प्रमाण मराठीत लिहिली, तर ती कितीही कच्ची असो, त्या मृत्यूची घरातून आलेली लेखी साक्ष आहे. बोली आणि अनुभव या दोहोंना एकाच कागदावर जागा मिळायला मात्र मराठी साहित्याला ग्रामीण आणि दलित लेखनाची वाट पाहावी लागली. आनंद यादवांच्या 'झोंबी'मध्ये शाळेत जाण्यासाठी मुलाला बापाशी किती झुंजावे लागले ते आपण वाचतो. त्या झुंजीनंतर शाळेने त्या मुलाच्या हातात काय ठेवले, हा त्याच कहाणीचा दुसरा भाग आहे.

उपक्रमांचा दुसरा मोठा प्रकार स्नेहसंमेलनाचा. गावाच्या दृष्टीने शाळेचा हाच खरा सण. वर्षभर शाळेकडे न फिरकणारी आई त्या रात्री ओटीत लहान मूल घेऊन मांडवात बसते, आणि आपली मुलगी शेकडो माणसांसमोर उभी राहून स्पष्ट शब्दांत संवाद म्हणते हे पाहते. मुलीच्या शिक्षणाविषयी गावाचे मत बदलण्यात भाषणांपेक्षा या मांडवाचा वाटा मोठा असावा. त्याबरोबर एक उणीवही सांगितली पाहिजे. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर कोळीनृत्य हमखास येते, पण ध्वनिमुद्रिकेवरचे. त्याच मांडवात प्रेक्षक म्हणून बसलेली धवलारीण, म्हणजे आगरी लग्नांत धवले गाणारी वृद्ध स्त्री, तिला कोणी रंगमंचावर बोलावत नाही. आपण एम.ए.च्या वर्गात महदंबेचे 'धवळे' शिकवतो. तेराव्या शतकातल्या त्या रचनेचे नाव ज्या विवाहगीतांच्या परंपरेवरून आले, तिचे नाव आगरी लग्नघरांत आजही ऐकू येते. आपल्या वर्गात बसलेल्या खाडीकाठच्या विद्यार्थिनीची आजी धवले गात असण्याचा संभव असतो. आणि प्रश्नपत्रिका व आजी यांचा काही संबंध आहे हे तिला आपणच कधी सांगितलेले नसते. हायस्कूलच्या एखाद्या उपक्रमात तिने आजीचे चार धवले वहीत उतरवून आणले असते, तर महाविद्यालयात आलेली महदंबा तिला परकी वाटली नसती.

६

उपक्रमांचे पुढे काय झाले? शाळेच्या उत्साहातून निघालेल्या गोष्टी हळूहळू परिपत्रकात गेल्या. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य ही संज्ञा रूढ केली. या शिफारशींमागचा विचार उत्तम होता आणि त्याची नाळ १९३७ मध्ये वर्ध्याला मांडलेल्या नयी तालीमशी जोडलेली होती. परिपत्रकाचा एक लाभ मान्य केला पाहिजे. जिथे साने गुरुजींसारखा शिक्षक नव्हता तिथेही काहीतरी उपक्रम होणे त्याने भाग पाडले. योगायोगाच्या जागी नेम आणणे हे हायस्कूलचे मूळ कार्यच होते. परंतु नेमाच्या मागे पाहणारी नजर उरली नाही तर त्याचा रकाना होतो. खडूच्या पेटीचे कार्यानुभव, बाजारातून विकत आणून सादर केलेल्या वस्तू, दरवर्षी त्याच मजकुराचा उपक्रम अहवाल हे दृश्य शिक्षकांना अपरिचित नाही. मोबाइल आल्यावर यात छायाचित्राची भर पडली. उपक्रम झाल्याचा पुरावा मिळाला की उपक्रम झाला, अशी समजूत रूढ झाली. हस्तलिखित वर्षभर भिंतीवर किंवा कपाटात राहत असे आणि पुन्हा पुन्हा वाचले जाई. छायाचित्र पाठवले की संपते.

इंग्रजी माध्यमाकडचा ओढा आणि गावांतून शहराकडे होणारे स्थलांतर यांमुळे लहान शाळांच्या पटावर ताण येतो, हेही या प्रश्नाशी जोडलेले आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०–८२ च्या काळात, रेवस–रेड्डी सागरी मार्गाची कल्पना पुढे आली. रेवस–करंजा पुलाच्या प्रत्यक्ष कामाला अलीकडे हात लागला आहे. समोरची मुंबई आता खरोखरच जवळ येईल. जमिनींचे भाव वाढतील, गावांची घडण बदलेल. चरीच्या कुळांनी सहा वर्षे उपाशी राहून ज्या जमिनीवरचा हक्क मिळवला तिचे व्यवहार पुन्हा कागदांवर होतील. तो कागद स्वतः वाचणारी, त्यावर प्रश्न विचारणारी आणि गरज पडल्यास त्याविरुद्ध लिहिणारी माणसे तिथे असतील की नाही, हे त्या परिसरातल्या हायस्कुलांनी मुलांना केवळ उत्तरे पाठ करायला लावली की लिहायला-बोलायला लावले, यावर अवलंबून राहणार आहे. उपक्रम हा अभ्यासाला लागलेला शेपटा नव्हे, असे म्हणतो ते यासाठी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातले दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना केली आहे. रेवसच्या मुलांना त्या दहा दिवसांसाठी लांब जावे लागणार नाही. होडी बांधणारे, जाळी विणणारे, उघाडीची राखण करणारे, सासवण्याच्या संग्रहालयातली शिल्पे, १९३० मध्ये सलीम अलींनी ज्या किहीमला सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला तो परिसर, चरीचे गाव: अभ्यासक्रम दाराशी उभा आहे. फक्त दिवस संपल्यावर मुलांनी छायाचित्राऐवजी दोन पाने मजकूर आणावा आणि त्या मजकुराला कोणीतरी वाचक असावा.

आणि आपण, म्हणजे महाविद्यालयांतले मराठीचे अध्यापक? आपल्या वाङ्मयेतिहासांत नियतकालिकांना प्रकरण मिळते. शालेय हस्तलिखिताला सहसा तळटीपही मिळत नाही. शाळांची कपाटे दर काही वर्षांनी रिकामी होतात आणि जुन्या वह्या रद्दीत जातात. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी विद्यार्थी त्याच त्या दहा कादंबऱ्यांवर लिहितात, अशी तक्रार आपण सतत करतो. त्याऐवजी त्यांना आपापल्या गावच्या हायस्कूलमध्ये पाठवता येईल. कोणत्या वर्षांची हस्तलिखिते शिल्लक आहेत, लिहिणाऱ्यांत मुली किती, कोणत्या वस्तीतली मुले लिहितात आणि कोणत्या वस्तीतली लिहीत नाहीत, बोलीतले कोणते शब्द टिकले आणि कोणते खोडले गेले, कोणते विषय दरवर्षी येतात आणि कोणता विषय एकाच मुलाने एकदाच लिहिला आहे, हे प्रश्न घेऊन. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवायला आता खर्च येत नाही. काम आहे ते बसून वाचण्याचे, आणि ते आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही. पुढच्या जूनमध्ये लघुप्रबंधांचे विषय ठरतील तेव्हा निदान एक विद्यार्थी या कामाला लावता आला, तर सुरुवात झाली असे म्हणता येईल.